हद्दीवरची पट्टी

माझ्या सासूबाई शर्यतीची गाडी चालवतात हे ऐकलं की लोक आधी हसतात, आणि मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणून विचारतात, "मग तुमचं कसं हो?" माझं उत्तम आहे. मला त्यांच्या वेगाची भीती वाटत नाही. त्या गाडीतून उतरून हातमोजे काढत माझ्या दिशेने यायला लागल्या की मात्र मी सरळ उभी राहते.

गॅरेज आमच्या घराच्या तळमजल्यावर आहे. वर आम्ही राहतो, खाली गाडी राहते, आणि दोन्हींपैकी खालची जागा जास्त स्वच्छ असते. नवरा इंजिनं बांधतो, मी वायरिंग करते. लग्नाआधी मी दुसऱ्यांच्या दुकानात हेच काम करत होते. तिथे हा एक जळालेला स्टार्टर घेऊन आला, आणि तो कुणी जाळला यावरून आमचं पहिलं भांडण झालं. स्टार्टर त्यानेच जाळला होता. अजून कबूल करत नाही.

लग्नानंतर भांडणं वाढली, कारण आता गाडी एक आणि शहाणे दोन झाले. एकदा शर्यतीच्या सकाळी बॉनेटच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही एकमेकांवर इतकं तोंड सोडलं की सासूबाई हेल्मेट घालून गाडीत बसून राहिल्या. शर्यतीला अजून दोन तास होते. त्याच संध्याकाळी, भावाभावांत घराची करतात तशी, त्यांनी आमच्यात गाडीची वाटणी केली.

"जे हलतं ते त्याचं," त्या म्हणाल्या. "ज्यातून करंट जातो ते हिचं. दुसऱ्याच्या हद्दीत न विचारता कुणी हात घातला, तर त्या दिवशी मी गाडीत बसणार नाही."

वाटणी चांगली टिकली. तंटा झाला तो फक्त प्लगवरून. प्लग इंजिनात बसतो, म्हणून नवरा म्हणे माझा. ठिणगी त्याच्यात पडते, म्हणून मी म्हणे माझा. सासूबाईंनी निकाल दिला की प्लगमधली फट मी मोजायची आणि प्लग आवळायचा त्याने. तेव्हापासून मी फट मोजून चारी प्लग टेबलावर ठेवते, बाजूला होते, आणि मग तो येऊन ते उचलून नेतो. बाहेरच्या माणसाला वाटावं की आमचा घटस्फोट झालाय आणि मुलांची वाटणी चाललीय.

अशी सहा वर्षं मजेत गेली. या वर्षी मात्र पंचाईत झाली. सासूबाईंना पुढच्या महिन्यात पासष्ट पूर्ण होतात आणि क्लबच्या नियमाप्रमाणे पासष्टच्या पुढे शर्यतीचा परवाना मिळत नाही. डॉक्टरांचा दाखला आणा, डोळ्यांचा आणा, नाही म्हणजे नाही. म्हणजे हंगामाची ही शेवटची शर्यत त्यांच्याही आयुष्यातली शेवटची. त्यांना ती जिंकायची वगैरे नव्हती; बक्षिसाच्या कपांना वर कपाटात जागा नाही आणि पुसायचा कंटाळा आहे असं त्याच म्हणतात. त्यांना शर्यत फक्त पुरी करायची होती. शेवटच्या फेरीला काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा दाखवतात, तो बघून परत यायचं, बस्स. आणि आमची गाडी तर मागच्या दोन्ही शर्यती अर्ध्यावर टाकून, टोइंगच्या दोरीला बांधून परत आली होती.

दुखणं एकच होतं. हळू चालवली की गाडी गुणी. पण लांब सरळ रस्त्यावर, चौथ्या गिअरला, पाय पुरता दाबला की मिसिंग सुरू. मागून फट फट आवाज, जोर गायब, आणि मागच्या गाड्या भराभर पुढे. थोड्या वेळाने ती तेवढंही न करता बंद पडायची.

शुक्रवारी सरावातही तेच झालं. सासूबाई गाडीतून उतरल्या, हातमोजे काढले, एकात एक घालून सीटवर ठेवले आणि "मी जरा पडते" म्हणून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकं वाईट वाटलं की रडूच यायला लागलं. नवऱ्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी गाडीखाली शिरून उगाचच वायरी मोजल्या.

शनिवारी दुपारी दोनला पात्रता फेरी होती. त्यात निदान एक फेरी धड वेगाने पुरी केली नाही, तर रविवारच्या शर्यतीत उभंच करत नाहीत. सकाळी नऊला मी शर्यतीच्या मैदानावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेटी उघडली. नवरा हाताची घडी घालून समोर स्टुलावर बसला.

"ठिणगी तुझ्या हद्दीत," तो म्हणाला. इतकं गोड तो एरवी बोलत नाही.

ठिणगी तपासायचं एक साधं हत्यार असतं. दोन टोकं आणि मध्ये कमीजास्त करता येणारी फट. प्लगची वायर काढून त्याला जोडायची, इंजिन फिरवायचं आणि फट वाढवत न्यायची. तब्येतीची ठिणगी निळी असते, मोठी फटही ओलांडते आणि टच्‌ असा आवाज करते. आमची निघाली पिवळट, बारीक, आणि फट जराशी वाढवली की पडायचीच बंद.

"बघ," नवरा म्हणाला.

"बघतेय. डोळे आहेत मला."

प्लग नवेच होते. मी प्लगच्या वायरी बदलल्या. कॉइल बदलली, जी बॅटरीच्या बारा व्होल्टची हजारो व्होल्ट करते. चारी सिलिंडरना ठिणगी वाटणारं डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं. प्रत्येक वेळी इंजिन फिरवलं आणि प्रत्येक वेळी तीच पिवळी मरतुकडी ठिणगी. सव्वाबारा वाजता माझ्या पेटीत बदलायला काही उरलं नव्हतं. मी हात टेकले.

माणूस हरला की दुसऱ्यावर खापर फोडायला जातो. मीही गेले. "तू हिवाळ्यात कॉम्प्रेशन वाढवलंस," मी म्हटलं. "एवढ्या दाबात ठिणगी पडणार कशी?"

"दाब सिलिंडरच्या आत आहे. तुझी ठिणगी बाहेर, मोकळ्या हवेत पडत नाहीये."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "आणि स्टार्टर? तोसुद्धा रडत रडत फिरतो."

"फिरणारच. इंजिन घट्ट झालंय." तो स्टुलावर जरा ताठ बसला. "दुसऱ्या कुणाच्या गाडीचा स्टार्टर असा फिरतो का बघ." गेले चार महिने तो त्या रडक्या स्टार्टरचं स्वतःच कौतुक करत होता. मित्रांना बोलावून ऐकवत होता.

एवढ्यात सासूबाई तीन कप चहा घेऊन आल्या. दोन आम्हाला दिले, आपला घेऊन गाडीच्या सीटवर आडव्या बसल्या, पाय बाहेर सोडून.

"काय म्हणतेय?"

"आई, ठिणगी कमजोर आहे," मी सांगितलं. "पण माझ्याकडचं सगळं नवं घालून झालं."

"आणि माझ्या नडगीचं काय?"

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"उजव्या नडगीला चालवताना गरम लागतं. ॲक्सिलरेटर पण जड येतो. मी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, पेडल आहे, त्याला सांगा. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, गरम होतंय म्हणजे करंटचं काहीतरी असेल, तिला सांग." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग मी म्हटलं, जाऊ दे. वयाने होत असेल."

शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईने तीस वर्षांत गाडीचा बारीकसा आवाजही कधी चुकवला नाही, तिला आम्ही दोघांनी मिळून आपण म्हातारी झालोय असं पटवून दिलं होतं. मी कप खाली ठेवला आणि गाडीत डोकं घातलं. सासूबाईंच्या नडगीला लागून जाते ती ॲक्सिलरेटरची केबल. नळीच्या आत एक तार पुढेमागे सरकते, बाकी तिला काही उद्योग नाही.

"हात लावू का?" मी नवऱ्याला विचारलं. हद्द ती हद्द.

"लाव की."

"स्टार्टर मार."

त्याने मारला. पाचसहा सेकंदांत केबल चांगली तापली. मी हात झटकला.

"ही गरम का होतेय?"

नवऱ्याने एकदम पाना पुसायला घेतला. त्याचं हे पुसणं मी ओळखते. जळालेला स्टार्टर घेऊन आला तेव्हाही असाच पुसत होता.

"बोल," मी म्हटलं.

"ती नवी आहे. परवाच टाकली."

"का?"

"आधीच्या केबलचं आवरण वितळलं होतं."

"वितळलं होतं?"

"तिच्या आधीच्या केबलचंही." त्याने कान खाजवला. "थोडंसं."

"दोन केबली वितळल्या आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"केबल हलते," तो म्हणाला. "माझ्या हद्दीत आहे."

मी त्याच्यावर काय फेकावं हे बघत होते, पण जवळ फक्त चांगली कॉइल होती. शिवाय मला हसूही यायला लागलं होतं, कारण दुखणं आता समोर दिसत होतं. करंट बॅटरीतून निघतो, काम करतो आणि बॅटरीकडे परत जातो. इंजिनाकडून परत जायला त्याच्यासाठी एक जाड पट्टी असते, तांब्याच्या तारा विणून केलेली. आम्ही तिला अर्थिंगची पट्टी म्हणतो. तिचं एक टोक इंजिनावर आवळतात, दुसरं गाडीच्या सांगाड्यावर. ही वाट अडली की करंट मिळेल त्या बारीकसारीक वाटेने घरी जातो. आमचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, सासूबाईंच्या नडगीला चटके देत चालला होता. आणि एवढी कसरत करणाऱ्या करंटकडून जोरदार ठिणगीची अपेक्षा करणं चूकच.

मी मीटर घेतला. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. "मार परत." या दोन जागांमध्ये अर्धा व्होल्ट दिसला तरी मी नाक मुरडते. मीटरने तीन दाखवले.

"तुझं इंजिन घट्टबिट्ट काही नाही," मी म्हटलं. "स्टार्टर उपाशी आहे."

चार महिन्यांचं कौतुक असं एका वाक्यात गेलं. मी आणखी काही बोलले नाही, आणि यासाठी मला कुणीतरी शाबासकी द्यायला हवी होती.

पट्टी शोधायला वाकलो, तशी उरलेली गोष्टही कळली. हिवाळ्यात आम्ही गाडी रंगवली होती. सासूबाईंचं शेवटचं वर्ष म्हणून अगदी मनापासून. त्याने इंजिन पिवळं केलं, तीन हात देऊन. मी सांगाडा पांढरा केला. तोही तीन हात, कारण त्याने तीन दिले होते. मग पट्टीचं इंजिनाकडचं टोक त्याने एका दिवशी बसवलं आणि सांगाड्याकडचं मी दुसऱ्या दिवशी. दोघांनीही आपापला बोल्ट असा आवळला होता की कुणी तपासायला आलं तर बोट ठेवायला जागा मिळू नये. फक्त खाली दोन्हीकडे जाड, चकचकीत रंग होता, आणि रंगातून करंट जात नाही. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

"पट्टीतून करंट जातो," नवरा म्हणाला. "म्हणजे तुझी."

"बोल्ट तुझ्या इंजिनात आहे. तू घासून बसवायचा होतास."

"दुसरा बोल्ट सांगाड्यात आहे. तो कोणी बसवला?"

"मी बसवला, पण सांगाडा हलत नाही म्हणून तो माझ्याकडे आला, नाहीतर..."

"एक वाजायला दहा मिनिटं आहेत," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही थांबलो.

"पॉलिश पेपर काढा. तू तिचं टोक घास." मग माझ्याकडे बोट. "तू त्याचं."

सहा वर्षांत पहिल्यांदा मी नवऱ्याच्या इंजिनाला पॉलिश पेपर लावला. रंग सुंदर बसला होता, कुठे ओघळ नाही, कुठे केस चिकटलेला नाही. खरवडताना मला खरंच वाईट वाटलं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. पलीकडून तो सांगाड्याला घासत म्हणाला, "काय जाड थापलायस ग."

"तुझ्यापेक्षा पातळ आहे."

"केबल बदलायला वेळ आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"तिसरी आणलीय," तो म्हणाला. निदान एवढं बरं केलं होतं त्याने.

दोन्ही टोकांखाली धातू लखलखीत झाला. पट्टी बसवली. बोल्ट कुणी आवळायचे हे कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याच्या हातात पाना होता त्याने आवळले. मी तपासणीचं हत्यार लावलं, फट पुरी उघडली, आणि त्याने स्टार्टर मारला. इंजिन भराभर, हलकं, एखाद्या नव्या पंख्यासारखं फिरलं. ठिणगी निळी पडली. टच्‌, टच्‌, टच्‌.

सासूबाई वाकून बघत होत्या. "अशी असते होय," एवढंच म्हणाल्या आणि हेल्मेट शोधायला गेल्या. नवरा माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. काय करणार, नवरा आहे.

पात्रता फेरीत अठरा गाड्यांत त्या चौदाव्या आल्या. लांब सरळ रस्त्यावर गाडी एकदाही खोकली नाही.

रविवारची शर्यत मी बघितलीच नाही. मी शेडच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून नुसती ऐकत होते. वीस फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीत आमची गाडी सरळ रस्त्यावर आली की मी श्वास रोखून धरायचे आणि ती वळणावर गेली की सोडायचे. नवरा आकडे सांगत होता. तेराव्या. बाराव्या. एकाला त्यांनी वळणावर आतून मागे टाकलं, अकराव्या. मी म्हटलं आकडे नकोत, फक्त चालू आहे का सांग. "चालू आहे," तो दर फेरीला सांगू लागला. "चालू आहे." विसाव्या फेरीला काही बोललाच नाही, म्हणून मी घाबरून डोळे उघडले. तो रडत होता. झेंडा हलत होता आणि सासूबाईंची गाडी त्याच्याखालून गेली होती.

नंतर सगळ्या गाड्या एक हळू फेरी मारून येतात आणि मैदानाच्या टोकाला ओळीने उभ्या करून इंजिनं बंद करतात. तसा नियम आहे. एकेक आवाज थांबत गेला. आमचा थांबला नाही. आम्ही धावत गेलो. सासूबाई हेल्मेट घालून, काच खाली ओढून बसल्या होत्या, आणि गाडी जागेवर उभी राहून संथ, एकसारखी चालू होती.

निरीक्षक हातात फळी घेऊन आले. "बाई, इंजिन बंद करा."

सासूबाईंनी हेल्मेटकडे बोट दाखवून, ऐकू येत नाही, अशी खूण केली. ऐकू सगळं येतं. मी खिडकीतून आत वाकले.

"आई, बंद करायचंय."

"हो ग. कधीची करतेय." त्यांचा हात स्विचवर होता. "मला करवत नाही. तू कर."

त्यांनी हात काढला आणि मी माझा ठेवला. छोटासा काळा स्विच. मीच बसवलेला, मीच दोनदा बदललेला. खाली ढकलला की झालं. तीस वर्षांनंतर. मला ते जमेना. मी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. त्याने पुढे यायचं सोडून एक पाऊल मागे घेतलं आणि निरीक्षकांसमोर उभा राहिला.

"साहेब, इंजिन फार तापलंय," तो म्हणाला. "एकदम बंद केलं तर आतून धरतं."

"आणि बॅटरीलाही ते चांगलं नसतं," मी खिडकीतून म्हटलं.

दोन्ही गोष्टी धादांत खोट्या होत्या आणि निरीक्षकांना गाड्यांमधलं आमच्याइतकंच कळतं. त्यांनी गाडीतल्या हेल्मेटकडे बघितलं, फळीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

"पेट्रोल किती आहे?" मी नवऱ्याला हळूच विचारलं.

"दहा मिनिटांचं. फार तर."

आम्ही तिघं ऐकत राहिलो. बाकी गाड्या गेल्या, माणसं गेली, कुणीतरी दोऱ्या गुंडाळायला लागलं. इंजिन एका चालीत चालू होतं. मग ते दोनदा चाचपडलं, परत लागलं, आणि आपलं आपण थांबलं.

सासूबाईंनी काच वर केली नाही. आतून आवाज आला.

"ढकला आता. मी बसूनच राहते."

आम्ही ढकलली. नवऱ्याने मागून, मी दाराला धरून. शेडकडे जाताना वाटेत एक लहानसं वळण लागतं. माणसाच्या चालीने चाललेली ती गाडी त्यांनी आधी पार कडेला नेली, मग आत आणली आणि ते वळण शर्यतीत घेतात तसं, अगदी नीट घेतलं.